अंदमानचा दिवस लवकर उगवतो

विशेष प्रतिनिधी

डिसेंबर महिन्यात मुंबईत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा इमारतींच्या गच्च्यांवर चांगले ऊन असते. त्याच वेळी अंदमानच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडत असतो आणि साडेपाचला पर्यटकांच्या गाड्या दिवे लावून माघारी फिरू लागतात. हॉटेलात दुपारचे जेवण सावकाश उरकून, थोडी वामकुक्षी घेऊन चारनंतर 'समुद्रावर जाऊ' म्हणणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्या दिवशी अर्धा-पाऊण तासाचा उजेड पडतो.

याचे कारण भूगोलात आहे. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून लावलेले आहे. मुंबई या रेषेच्या सुमारे १० अंश पश्चिमेला, तर अंदमान सुमारे १० अंश पूर्वेला. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने दोन्हीकडच्या सूर्यात सुमारे ८० मिनिटांचे अंतर पडते. घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडते, मे महिन्यात तर पाचच्या आधीच. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'सकाळी ९ वाजता न्याहारी' असे छापलेले असेल, तर दिवसाचे उत्तम तीन तास न्याहारीच्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपलेले असतात. अंदमानला जाणाऱ्याने पहाटे पाचला उठण्याची आणि रात्री नऊला झोपण्याची तयारी ठेवावी.

दुसरे वेळापत्रक समुद्राचे. तिथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप आत जाते आणि खूप वर येते. कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात; मात्र ते गणित आपल्या किनाऱ्याचे आहे, अंदमानला जसेच्या तसे लावू नये. तिथल्या वेळा हॉटेलात किंवा होडीवाल्याकडे रोज विचारून घ्याव्यात. काही ठिकाणे केवळ ओहोटीलाच दिसतात, तर काही किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाणी आणि धारदार खडक यांपलीकडे काही नसते. ही चौकशी न केल्यामुळे निराश होऊन परतणारे पर्यटक थोडे नाहीत.

राजधानीतले दोन दिवस

पोर्ट ब्लेअर या राजधानीचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये 'श्री विजयपुरम' असे करण्यात आले. जुने नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटांची पाहणी करणाऱ्या आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्यावरून पडले होते, आणि हा ब्लेअर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात, म्हणजे 'बॉम्बे मरीन'मध्ये नोकरीला होता. मराठी पर्यटक मात्र दुसऱ्याच नात्याने इथे येतो. विमानतळाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आहे आणि बहुतेकांची पहिली भेट सेल्युलर जेललाच असते.

या तुरुंगाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती आणि सुमारे ७०० कोठड्या अशी त्याची मूळ रचना होती. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे केलेली, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये. आज सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय उभे आहे. १९७९ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. विनायक दामोदर सावरकर जुलै १९११ मध्ये इथे आले आणि १९२१ पर्यंत होते. वरच्या मजल्यावरची त्यांची टोकाची कोठडी पाहायला रांग लागते. तिथे क्षणभर थांबावेच. पण नंतर अंगणातला कोलूही नीट पाहावा. बैलाच्या जागी माणूस जुंपून खोबऱ्याचे तेल काढण्याचे हे यंत्र. रोज तीस पौंड तेलाचा हुकूम आणि ते न भरल्यास शिक्षा. 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको, आणि मुलांनी ते वाचलेले नसेल तर प्रवासापूर्वी त्यांना त्यातली चार पाने वाचून दाखवावीत. रात्रीच्या ध्वनि-प्रकाश कार्यक्रमापेक्षा सकाळची शांत फेरी अधिक मनाला भिडते, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

समोरच्या रॉस बेटाला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. इंग्रजांची राजधानी इथेच होती. जून १९४१ चा भूकंप आणि पाठोपाठ जपान्यांचा ताबा यांनी तिचा शेवट केला. चर्च, बेकरी, नाचघर यांच्या भिंती आता वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत आणि मधून चितळ निवांत फिरतात. दोन तासांत बेट पाहून होते.

खाडीपलीकडच्या माउंट हॅरिएटला (२०२१ पासून माउंट मणिपूर) बरेच प्रवासी जात नाहीत, हे नवल आहे. २० रुपयांच्या जुन्या लालसर नोटेच्या पाठीवरचे नारळीचे झाड आणि दीपस्तंभ हे इथूनच दिसणारे नॉर्थ बेचे दृश्य. २०१९ मध्ये आलेल्या २० च्या नव्या नोटेवर आपले वेरूळ आहे. तेव्हा घरात एखादी जुनी नोट उरली असेल तर ती सोबत न्यावी, मुलांना गंमत वाटते. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला चढला होता. उतरून धक्क्यावर पोहोचेपर्यंत काळोख झाला आणि शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला तिथेच भोसकले. अंदमानचा अंधार किती चटकन पडतो, याचा याहून मोठा दाखला इतिहासात नसावा.

स्वराज द्वीप: वाळू, प्रवाळ आणि एक इशारा

हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, हे सहलीचे मुख्य आकर्षण. खासगी वेगवान बोटीने सुमारे दीड तास, सरकारी बोटीने दोन-अडीच तास. सरकारी बोट स्वस्त असते आणि तिच्या उघड्या डेकवर वारा खात उभे राहता येते. खासगी बोटीच्या बंद वातानुकूलित दालनात ते सुख नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना स्वातंत्र्यानंतर इथे जमिनी मिळाल्या. गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर ही गावांची नावे त्यांचीच, आणि खाणावळीतला माशाचा रस्साही त्यांचाच.

राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. मागे उंच वृक्षांचे रान, पुढे पांढरी, पिठासारखी बारीक वाळू. २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. सूर्यास्तासाठी सारे बेट इथे लोटते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत साडेतीनलाच पोहोचावे. सकाळी सातला आल्यास मात्र हाच किनारा जवळजवळ एकट्याचा असतो. पूर्वेचा कालापथ्थर किनारा सूर्योदयाचा. तिथे पोहण्यापेक्षा चालणे बरे.

प्रवाळ पाहायचे तर एलिफंट बीच. लाकूडतोडीसाठी हत्ती वापरले जात, त्यावरून हे नाव पडले. काचेच्या तळाच्या होडीतून जे धूसर दिसते, ते तोंडाला नळी लावून पाण्यावर तरंगत पाहिले की स्पष्ट होते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येते, आणि प्रशिक्षकाच्या सोबतीने स्कूबा डायव्हिंगही. दहा वर्षांखालील मुलांना डायव्हिंगला नेऊ नये. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा सर्दी असल्यास ते लपवू नये. आणखी एक गोष्ट, जी बुकिंग करताना बहुधा कोणी आपणहून सांगत नाही: खोल पाण्यात डुबी मारल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. उंचीवर हवेचा दाब घटला तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. सहलीच्या शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवणारी कार्यक्रमपत्रिका बदलून घ्यावी.

इथले प्रवाळ पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हेही सांगायला हवे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले. तेव्हा प्रवाळ पांढरे पडले आणि उथळ पाण्यातले पुष्कळसे मेले. जे जगले किंवा नव्याने वाढते आहे, त्यावर पाय ठेवून छायाचित्र काढणारे पर्यटक पाहून वाईट वाटते. हा दगड नव्हे, सजीवांची वसाहत आहे. वाढायला वर्षे लागतात, मोडायला एक टाच पुरते.

आता इशारा. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या समुद्रातही पोहतात. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्ह या शांत, सुंदर कोपऱ्यात स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने बळी घेतला. म्हणून पोहण्यासाठी आखून दिलेल्या भागातच उतरावे, खाडीच्या मुखाशी जाऊ नये आणि संधिप्रकाशात पाण्याबाहेर असावे. जीवरक्षकाने शिटी वाजवली तर वाद घालू नये.

अमावास्येच्या आसपास मुक्काम असेल तर रात्रीची वल्ह्याची होडी चुकवू नये. वल्हे पाण्यात पडले की सूक्ष्म जीवांच्या उजेडाने निळसर ठिणग्या उडतात. चांदण्या रात्री हा खेळ दिसत नाही.

शहीद द्वीपाला (जुने नाव नील) एक रात्र पुरे. सपाट बेट, भाजीपाल्याची शेते, भाड्याच्या सायकली. लक्ष्मणपूर क्रमांक २ येथील खडकाची नैसर्गिक कमान हे इथले वैशिष्ट्य, आणि तिच्यापर्यंत जायची वाट केवळ ओहोटीलाच मोकळी होते. खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकडी, खेकडे, रंगीत मासे अडकलेले असतात. चप्पल घट्ट पट्ट्याची हवी.

बाराटांगचा प्रश्न

चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला बाराटांगला नेतात. राजधानीपासून सुमारे १०० किलोमीटर. वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते आणि गाड्या पोलिसांच्या ताफ्यातच सोडल्या जातात. २०१२ मध्ये या वाटेवर पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचवल्याची चित्रफीत जगभर गाजली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. राखीव जंगलात थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे हे गुन्हे आहेत आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा आहे. कायदा पाळूनही प्रश्न उरतोच. रोज शेकडो अनोळखी माणसे अंगणातून गेली तर ज्यांचे अंगण आहे त्यांचे काय? गुहा चांगल्या आहेत, खारफुटीच्या बोगद्यातून जाणारी होडीची फेरी त्याहून चांगली आहे, पण चिखलाचे बुडबुडे पाहून अनेकांचा विरस होतो. जायचेच असेल तर समुद्रमार्गे बोट मिळते का, ते आधी विचारावे.

ज्यांच्याकडे दहा दिवस आहेत त्यांनी त्यापेक्षा उत्तरेला दिगलीपूर गाठावे. ओहोटीला रॉस आणि स्मिथ ही दोन बेटे (राजधानीसमोरचे रॉस वेगळे) वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात आणि मधून कोरड्या पायांनी चालता येते. कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात. ७३२ मीटर उंचीचे सॅडल पीक हे अंदमानातले सर्वोच्च शिखर तिथूनच चढतात.

जाण्यापूर्वी

जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत निश्चिंत. मेअखेर नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि तो गेल्यावर ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत छत्री न्यावीच. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत राजधानीत परतणे शहाणपणाचे. बेटावर अडकल्याने विमान चुकलेली कुटुंबे दर हंगामात भेटतात.

भारतीयांना अंदमानच्या नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार मात्र सर्वसाधारण पर्यटकांना खुले नाही. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नये. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. शंखांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर पावती देणाऱ्या अधिकृत दुकानातून घ्याव्यात आणि ती पावती हातातल्या पिशवीत, वरच ठेवावी.