दिव्याने लाविलेला अदृश्य दिवा

डोळ्यांना दिसेनासे झाले की प्रकाश संपला, अशी मनुष्याची फार दिवसांची समजूत होती. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या रंगपट्टात तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगापलीकडील काळोखातच तापमान सर्वांत अधिक चढले. अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

या किरणांपैकी तीन ते पाच मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा विशेष उपयुक्त होय. खाणीत स्फोट घडविणारा मिथेन वायू ३.३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषून घेतो. बंद खोलीतील शेगडीपासून निघून नकळत प्राण हरण करणारा कार्बन मोनॉक्साइड ४.७ मायक्रॉनच्या आसपासचे. दोन्ही वायूंना रंग नाही, वास नाही. नेमक्या तरंगलांबीचा झोत हाती आला, तर त्यांचा सुगावा लागू शकतो.

एकरंगी झोत देणारा पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या स्फटिकावर दिव्याचा प्रखर लखलखाट पाडून सिद्ध केला. १९६२ साली रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकातून विद्युत्प्रवाहाच्या बळावर लेसर साधला. परंतु त्याची तरंगलांबी एका मायक्रॉनहूनही कमी होती. तेव्हा १९६५ साली अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेत फेलन व रेडिकर यांनी हाच प्रकाश इंडियम अँटिमनाइडच्या स्फटिकावर पाडला आणि त्यातून सुमारे पाच मायक्रॉनचा झोत काढला. स्फटिकात विद्युत्प्रवाह खेळविण्याची गरजच उरली नाही. दिव्याने दिवा लावावा, तसे हे झाले.

मात्र या दिव्याची काजळी म्हणजे उष्णता. आत शिरणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा बाहेर पडणाऱ्या कणाच्या सुमारे सहापट. एका कणाच्या मोबदल्यात फार तर एकच कण मिळतो; उरलेले पाच भाग स्फटिक तापविण्यात खर्ची पडतात. स्फटिक तापला की त्यातील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशरूपाने न देता शेजारच्या इलेक्ट्रॉनास देऊन टाकतात आणि झोत मंदावतो. म्हणूनच असे लेसर अतिशीत द्रवांच्या सान्निध्यात ठेवावे लागत.

पुढील संशोधन ही या उष्णतेशी चाललेली झुंज होय. कोणी दोन मायक्रॉनच्या जवळपासच्या प्रकाशाने स्फटिक चेतविला, म्हणजे तफावत कमी झाली. कोणी स्फटिकाचे अत्यंत पातळ थर एकावर एक रचून ऊर्जेची ही अंतर्गत गळती रोखली. उष्णतेच्या मागाने येणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून विमाने वाचविण्याच्या गरजेने या कामास लष्कराचा पैसा मिळाला. १९९४ साली बेल प्रयोगशाळेत विद्युत्प्रवाहानेच मध्य-अवरक्त झोत देणारा नवा लेसर निघाला आणि प्रकाशाने चेतविण्याच्या मार्गास प्रतिस्पर्धी लाभला. खाणीतील मजुराला दोहोंपैकी कोणता लेसर श्रेष्ठ, याच्याशी कर्तव्य नाही. स्फोटापूर्वी वायूची वर्दी मिळावी, एवढीच त्याची अपेक्षा.