झारची बाटली आणि मंदीतला मुहूर्त

शॅम्पेनच्या बाबतीत फ्रेंच कायदा फार काटेकोर आहे. द्राक्षं कोणत्या गावांच्या शिवारातली चालतील, ती हातानेच कशी खुडायची, चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरपेक्षा जास्त रस का काढायचा नाही, भरलेली बाटली तळघरात किमान किती महिने पडून राहिली पाहिजे, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. एकाच गोष्टीवर हा कायदा गप्प आहे. ‘लक्झरी’ शॅम्पेन कशाला म्हणायचं, ते त्यात कुठेच नाही. क्रिस्टल, दों पेरिन्यों यांसारख्या बाटल्यांना धंद्यात ‘प्रेस्टीज क्युवे’ म्हणतात, पण तो मान कोणतंही घराणं आपल्या कोणत्याही वाइनला देऊ शकतं. किंमत चार-पाच पट होते ती त्या मानामुळे. म्हणून अशी बाटली घ्यायची असेल तर तिचं कूळ माहीत असावं. ते वाटतं तितकं जुनं नाही आणि तितकं सोवळंही नाही.

मुळात बुडबुडा हाच दोष होता. पॅरिसच्या ईशान्येला रँस आणि एपर्ने या शहरांभोवतीचा हा प्रदेश थंड. शरद ऋतूत द्राक्षरस आंबायला लागायचा आणि पुरता आंबण्याआधीच कडाक्याची थंडी पडायची. यीस्ट निपचित व्हायचं. वसंतात ऊब आली की ते पुन्हा कामाला लागायचं, आणि तोवर वाइन बाटलीत बंद झालेली असली तर तयार होणारा वायू आतच कोंडला जायचा. दों पेरिन्यों हा साधू १६६८ साली ओव्हिलेरच्या मठात कोठारी म्हणून आला आणि १७१५मध्ये वारला. शॅम्पेनचा शोध त्याच्या नावावर खपवला जातो, पण त्याची सारी खटपट वाइन फेसाळू नये यासाठी होती. वेगवेगळ्या बागांची द्राक्षं कोणत्या प्रमाणात एकत्र करावीत याची त्याला असामान्य जाण होती, आणि शॅम्पेनला त्याचं खरं देणं तेच आहे. पहिला घोट घेऊन ‘मी तारे पितोय’ असं तो म्हणाला म्हणतात, ते वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जाहिरातीतलं आहे.

मुद्दाम साखर घालून वाइन फेसाळती करण्याची पहिली लेखी नोंद सापडते ती लंडनमध्ये. ख्रिस्तोफर मेरेट याने १६६२ साली रॉयल सोसायटीपुढे ही युक्ती मांडली. इंग्रजांकडे दगडी कोळशाच्या भट्टीतली जाड काच होती. लाकडाच्या भट्टीतल्या फ्रेंच बाटल्या वायूच्या दाबाने फुटत. शॅम्पेनच्या बाटलीत आज साधारण सहा वातावरणांइतका दाब असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे काच इतकी महत्त्वाची का होती ते कळतं.

फ्रान्समध्ये वाइन पिंपांतूनच पाठवावी असा दंडक होता आणि पिंपात बुडबुडे टिकत नाहीत. १७२८ साली पंधराव्या लुईने शॅम्पेनची वाइन बाटल्यांतून न्यायला परवानगी दिली. दुसऱ्याच वर्षी रुइनार हे पहिलं शॅम्पेन घराणं उभं राहिलं. त्यानंतरची शंभर वर्षं तळघरातले कामगार फुटणाऱ्या काचांपासून वाचण्यासाठी तोंडावर लोखंडी मुखवटे चढवून वावरत. साखर नेमकी किती घालायची याचं गणित १८३६मध्ये फ्रान्स्वा नावाच्या एका औषधविक्याने बसवलं, तेव्हा कुठे ही फूट आटोक्यात आली.

मधली एक बाई मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखी नाही. बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. त्या काळातल्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्रपणे धंदा करता येत नसे, विधवेला येई. सासऱ्याचं मन वळवून तिने घराण्याचा कारभार हाती घेतला. दुसऱ्यांदा आंबल्यावर बाटलीत मेलेल्या यीस्टचा गाळ उरतो आणि वाइन गढूळ दिसते. भोकं पाडलेल्या मेजात बाटल्या उलट्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी उतरतो आणि एका झटक्यात बाहेर काढता येतो, ही पद्धत १८१६च्या सुमारास तिच्याच तळघरात आकाराला आली. गाळासोबत थोडी वाइन जाते. ती तूट भरताना घराणं साखर मिसळलेली वाइन घालतं, आणि ही शेवटची साखर किती, यावर गिऱ्हाईक ठरतं. १८१४मध्ये नेपोलियनचा पाडाव होतो न होतो तोच या बाईंनी नाकेबंदीला हुलकावणी देत रशियाकडे जहाज धाडलं होतं. रशियनांना मिठाईसारखी गोड शॅम्पेन हवी असे, इंग्रजांना कोरडी.

झारची बाटली जन्मली ती याच रशियन बाजारात. लुई रोडरर या घराण्याचा मोठा खप रशियात होता. १८७६ साली झार दुसरा अलेक्झांडर याने त्यांच्याकडून फक्त स्वतःच्या मेजासाठी वेगळी वाइन मागवली. बाटली हिरव्या काचेची नको, नितळ क्रिस्टलची हवी, अशी अट होती. तळाला नेहमीची आत गेलेली खळगी नको, तळ सपाट हवा. झारला मारेकऱ्यांची भीती होती, गडद काचेआड किंवा खळगीत बाँब दडवता येऊ नये म्हणून ही अट, असं सांगितलं जातं. भीती खोटी नव्हती, १८८१मध्ये तो बाँबनेच मारला गेला. खरं कारण संशय होता की मिजास, हा वाद इतिहासकारांना लखलाभ. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की क्लिकोबाईंच्या मेजाशिवाय ही बाटली शक्यच नव्हती. गढूळ वाइन नितळ काचेत भरून राजापुढे कोण ठेवणार?

‘क्रिस्टल’ हे नाव त्या काचेचं. आतली वाइन तेव्हा गोडमिट्ट होती. १९१७च्या क्रांतीने झारशाही गेली आणि बाजारही. क्रिस्टल सर्वसामान्य, म्हणजे असामान्य पैसेवाल्या, गिऱ्हाइकांसाठी नियमित निघू लागली ती १९४५पासून, आणि तोवर ती कोरडी झाली होती. नितळ काचेचा हट्ट तेवढा राहिला. त्याची किंमत आजही मोजावी लागते. प्रकाशाने वाइन बिघडते आणि पारदर्शक काच काहीच अडवत नाही, म्हणून क्रिस्टल नारिंगी झाक असलेल्या कागदात गुंडाळून विकतात.

दुसरं कूळ याहून रोखठोक आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी, त्यात १९२९ची मंदी. तळघरं भरलेली, गिऱ्हाईक नाही. इतर घराणी भाव पाडायच्या विचारात असताना १९३२ साली लॉरेन्स व्हेन या इंग्रज पत्रकाराने मोएट ए शाँदाँ या घराण्याच्या रोबेर-जाँ द व्होग्युए यांना उलटा सल्ला दिला: नेहमीपेक्षा महाग, मोजक्यांसाठीची बाटली काढा. दों पेरिन्यों या नावाचा हक्क मेर्सिए घराण्याकडे पडून होता, तो १९२७ साली दोन घराण्यांत झालेल्या सोयरिकीतून मोएटकडे आला होता. १९३५मध्ये लंडनच्या सायमन ब्रदर्स या विक्रेत्यांच्या शताब्दीसाठी त्यांच्या निवडक गिऱ्हाइकांना तीनशे बाटल्या गेल्या. पुढच्या वर्षी दों पेरिन्यों नावाने पहिला माल न्यूयॉर्कला उतरला. आत मोएटचीच १९२१ सालची वाइन होती, बाहेर अठराव्या शतकातल्या घाटाची बाटली आणि ज्याने बुडबुड्यांशी वैर केलं त्या साधूचं नाव. धंद्याचं डोकं म्हणून याला दाद द्यावीच लागते.

मग रीघच लागली. तेतांजेने १९५२च्या द्राक्षांपासून ‘कोंत द शाँपान्य’ काढली. पेरिए-जुएने ‘बेल एपोक’ पॅरिसमध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या सत्तराव्या वाढदिवशी आणली, १९०२ साली काचकलावंत एमिल गाले याने रंगवलेली फुलं बाटलीवर घेऊन. व्हूव क्लिकोची ‘ग्रांद दाम’ त्या विधवेच्या नावाने, पोल रोजेची एक बाटली चर्चिलच्या नावाने. साधू, विधवा, पंतप्रधान: आपल्या बाटलीला मेलेल्या माणसाचं नाव द्यायची ही हौस मला गमतीची वाटते.

या सगळ्यांत सालोंचं घराणं वेगळं निघालं. युजेन-एमे सालों हा पॅरिसमधला केसाळ कातड्यांचा व्यापारी. त्याला नुसती स्वतःला आवडेल अशी शॅम्पेन हवी होती. घराणी अनेक गावांची, तीन जातींची, अनेक सालांची वाइन मिसळत असताना त्याने एकच गाव, ल मेनिल स्यूर ओजे, एकच द्राक्ष, शारदोने, आणि एकच साल, असा नेम धरला. साल चांगलं नसेल तर बाटलीच नाही. विसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत सालों फक्त ३७ वेळा निघाली. राजाची अट नाही, मंदीची युक्ती नाही. लक्झरी हा शब्द कुठे शोभत असेल तर माझ्या मते इथे. उलट टोकाला २००६ साली आलेली सोनेरी बाटलीतली, इस्पिकचा एक्का मिरवणारी आर्मां द ब्रिन्याक. वाइन कातिए या जुन्या घराण्याची, वाईट मुळीच नाही, पण तिचं नाव झालं ते जे-झी या रॅप गायकामुळे. त्याने क्रिस्टलवर बहिष्कार टाकला आणि पुढे आर्मां द ब्रिन्याक हा ब्रँडच विकत घेतला.

इतक्या महाग बाटलीत मान वगळता पैसे नेमके कशाचे, तर दोन गोष्टींचे. एक, द्राक्षं. ३१९ गावांपैकी सतरा गावांना ‘ग्रां क्रू’ हा सर्वोच्च दर्जा आहे आणि तिथला माल महाग. दुसरी, काळ. साध्या शॅम्पेनला कायदा पंधरा महिने मागतो, साल छापलेल्या शॅम्पेनला तीन वर्षं. चांगली प्रेस्टीज बाटली सहा ते दहा वर्षं गाळावर पडून असते आणि भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो तो त्यातून. म्हणून दुकानात बाटलीचा घाट आणि लाकडी पेटी बाजूला ठेवून मागची चिठ्ठी वाचावी. साल बघावं: २००२, २००८ आणि २०१२ ही नावाजलेली. गाळ काढल्याची तारीख काही घराणी छापतात, तीवरून बाटली दुकानात किती काळ उभी आहे त्याचा अंदाज येतो. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे बारा ग्रॅमच्या आत साखर, ‘एक्स्ट्रा ब्रूट’ सहाच्या आत, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ नाव काहीही सांगो, या दोन्हींहून गोड. बारीक अक्षरांत एन. एम. म्हणजे बहुतांशी द्राक्षं विकत घेणारं घराणं, आर. एम. म्हणजे स्वतःच्या बागेतून करणारा बागायतदार. एम. ए. असेल तर ते नाव वाइन करणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं आहे. अशी बाटली लक्झरीच्या भावाने घेऊ नये. दिव्याखाली, उकाड्यात मिरवत ठेवलेली बाटली तर कोणत्याही घराण्याची असो, नको म्हणावं.

लग्नाच्या हॉलमध्ये शंभर ग्लासांसाठी या भानगडीत पडायचं कारणच नाही. शॅम्पेनच्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळती वाइन महाराष्ट्रात १९८०च्या दशकापासून होते. नारायणगावात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ती केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात धाडली. मोएटच्याच मालकांनी २०१३पासून दिंडोरीची शाँदाँ विकायला घेतली. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही आणि म्हणायची गरजही नाही.

आणि लक्झरी बाटलीच घ्यायची असेल, तर आधी त्याच घराण्याची साल छापलेली साधी बाटली घ्या. रोडररची, पोल रोजेची मिळते, आणि प्रेस्टीज बाटलीच्या निम्म्याहून कमी पैशांत. चार माणसांत, बर्फगार न करता, निमुळत्या तोंडाच्या ग्लासात प्या. ती आवडली नाही तर पुढचे पैसे वाचले.