बिलातले दहा टक्के कुणाचे?

जयपूरला पोस्टिंग आली की रामबाग पॅलेस नजरेतून सुटत नाही. महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) यांनी १९५७ साली आपल्या या राजवाड्याचं हॉटेल केलं. त्यांचे चिरंजीव म्हणजे ब्रिगेडियर भवानीसिंह, १९७१ च्या युद्धात १० पॅरा कमांडोंना घेऊन सिंधमधल्या छाछरोवर धाड घालणारे, महावीरचक्राचे मानकरी. त्यामुळे फौजी माणूस त्या फाटकावरून जाताना थोडा रेंगाळतोच. आत जेवायला जायचं म्हणाल, तर ते आपल्या पगारात बसत नाही.

पण मला हे हॉटेल लक्षात राहिलं ते वेगळ्या कारणानं. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. एका बाजूला रामबाग पॅलेस हॉटेल, दुसऱ्या बाजूला राजस्थान हॉटेल वर्कर्स युनियन. वाद पगार-भत्त्यांचा होता. त्यात प्रश्न असा आला की, गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या टीपा व्यवस्थापनानं गोळा करून कामगारांमध्ये वाटल्या, तर ती रक्कम कामगारांच्या पगारात धरायची का? न्यायालयानं सांगितलं, नाही. ते पैसे गिऱ्हाइकाचे आहेत, कामगारांसाठी आलेले आहेत. ते मालकाच्या हातातून गेले म्हणून मालकानं दिलेले ठरत नाहीत.

मंडळी, हा निकाल ध्यानात ठेवा. गेली काही वर्षं देशभरात हॉटेलच्या बिलावरून जे भांडण चाललं आहे, त्याचं मूळ याच मुद्द्यात आहे. भांडण गाजतंय ते 'गिऱ्हाइकानं द्यायचं की नाही' यावर. 'दिलेलं जातं कुठं' हा प्रश्न मात्र मागे पडला.

आधी आपल्या मराठी मुलखातली जुनी व्यवस्था आठवू. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, ते बलुतं. ते मागायला लाज नव्हती, कारण ते हक्काचं होतं. वर्षभराच्या कामाचा तो ठरलेला मोबदला. दुसरीकडे दिवाळीत पोस्टमन, गुरखा, दूधवाला यांच्या हातावर आपण जे ठेवतो, ते पोस्त. ते खुशीचं. कुणी कमी दिलं, कुणी दिलंच नाही, तरी तक्रार करता येत नाही. आणि तिसरी ती चिरीमिरी, काम अडू नये म्हणून दिलेली. आपल्या भाषेनं या तिघांना तीन वेगळी नावं ठेवली, ती उगाच नाही. हॉटेलच्या बिलातला 'सर्व्हिस चार्ज' नेमका यातला कोणता, हे कुणी ठरवलं नाही आणि तिथंच घोळ झाला. नाव खुशीचं, वसुली हक्काची, आणि न दिलं तर वागणूक चिरीमिरी नाकारल्यासारखी.

हा घोळ कायद्यातही जुना आहे. हॉटेलात आपण विकत काय घेतो, पदार्थ की सेवा? १९७८ साली 'नॉर्दर्न इंडिया कॅटरर्स' या दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, रेस्टॉरंटमध्ये जेवण वाढणं ही मुख्यतः सेवा आहे, मालाची विक्री नव्हे, म्हणून त्यावर विक्रीकर लागत नाही. सरकारच्या तिजोरीला हे परवडणारं नव्हतं. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीनं अशा जेवणावर कर लावायची वाट मोकळी केली. पुढं १ मे २०११ पासून वातानुकूलित आणि दारूचा परवाना असलेल्या रेस्टॉरंटांवर केंद्राचा सेवा कर आला, आणि १ एप्रिल २०१३ पासून सगळ्याच वातानुकूलित रेस्टॉरंटांवर.

आता बिल डोळ्यांसमोर आणा. एक ओळ व्हॅटची, एक ओळ 'सर्व्हिस टॅक्स'ची, आणि एक 'सर्व्हिस चार्ज'ची. पहिल्या दोन सरकारच्या, तिसरी हॉटेलची. नावं इतकी सारखी की शिकल्यासवरलेल्या माणसालाही तिसरी ओळ सरकारी वाटावी. कित्येकांनी ती कर समजून मुकाट्यानं भरली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, करांच्या ओळी बदलल्या. हॉटेलची ओळ जागच्या जागी राहिली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या युनिटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब दिल्लीत भेटले. मुलीला नोकरी लागली म्हणून त्यांनी आम्हा चौघांना जेवू घातलं. जेवणाचे झाले ३,२०० रुपये. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ३२०. मग दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, १७६. एकूण ३,६९६. साहेबांनी चष्मा लावून बिल वाचलं आणि वेटरला विचारलं, "बेटा, ये तीन सौ बीस किसका है?" चमोलीकडचा पोरगा होता, विशीतला. तो काही बोलायच्या आत मॅनेजर आला. "सर, ये तो स्टाफ के लिए ही होता है." साहेबांनी पुन्हा पोरालाच विचारलं, "तुझे कितना मिलता है?" पोरानं एकदा मॅनेजरकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिल जाता है, सर."

साहेबांनी आवाज न चढवता ती ओळ काढायला लावली. नवं बिल आलं ३,३६० चं. मग त्यांनी तीनशे रुपये पोराच्या हातात दिले. पोरानं ते खिशात घातले नाहीत. गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. आम्ही विचारलं तर म्हणाला, रात्री सगळे वाटून घेतो, आत भांडी घासणारे दोघं आहेत, त्यांना कोण देणार?

हॉटेलवाल्यांचा सगळ्यात खरा मुद्दा कोणता असेल, तर हाच. टीप मिळते ती समोर दिसणाऱ्याला. तंदूरपाशी भाजून निघणारा, कांदे चिरणारा, मसालची, यांचं तोंडही गिऱ्हाईक पाहत नाही. मेसमध्ये राहिलेल्या प्रत्येक फौजीला मसालची कोण असतो आणि किती वाजता झोपतो हे ठाऊक आहे. बिलातच रक्कम धरली तर सगळ्यांना वाटा मिळेल, हा युक्तिवाद वरवर पाहता न्यायाचा आहे. पण तो खरा ठरायला एक अट आहे. गोळा झालेली सगळी रक्कम वाटली गेली पाहिजे, आणि किती जमली, किती वाटली, हे त्या पोराला समजलं पाहिजे. पत्र्याच्या डब्यातलं त्याला समजतं. संगणकाच्या बिलातलं समजतं का?

आता भांडणाची हकीकत थोडक्यात. २ जानेवारी २०१७ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जाहीर केलं की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेचं उत्तर साधारण असं होतं की, ज्याला द्यायचा नसेल त्यानं तिथं जेवू नये. त्याच वर्षी २१ एप्रिलला सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातलं एक सूत्र मला पटतं. गिऱ्हाईक ऑर्डर देतो तेव्हा तो मेन्यूवरचा दर आणि लागू असलेले कर, एवढंच द्यायला कबूल झालेला असतो. टीपेचा रकाना ठेवायचाच तर कोरा ठेवा, आकडा गिऱ्हाईक भरेल.

सूचना कागदावर राहिल्या. मग २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं, आणि ४ जुलै २०२२ ला त्यानं नियम घातले: बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही वसूल करायचा नाही, न देणाऱ्याला दारात अडवायचं नाही, आणि तो जेवणाच्या बिलात मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन आणि हॉटेल-रेस्टॉरंट असोसिएशनांचं फेडरेशन, दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २० जुलैला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये न्यायालयानं तात्पुरता तोडगा म्हणून फेडरेशनच्या सभासदांना 'स्टाफ काँट्रिब्युशन' हे नाव वापरायला सांगितलं, तेही दहा टक्क्यांच्या आत, आणि यानंतर वेगळी टीप द्यायची गरज नाही असं मेन्यूवर ठळक छापून. अखेर २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी प्राधिकरणाचे नियम कायम केले आणि दोन्ही याचिका प्रत्येकी १ लाख रुपये खर्चासह फेटाळल्या. खुशीनं टीप द्यायला कुणाचीच मनाई नाही. सक्तीनं लावायला आहे. संघटनांनी त्यावर अपील केलं.

या सगळ्या लढाईत वादी हॉटेलमालक, प्रतिवादी सरकार, आणि ज्याच्या नावावर पैसे मागितले जात होते तो वेटर दोन्ही बाजूंच्या कागदांत एक कारण म्हणून होता. १९७६ च्या रामबाग खटल्यात कामगार स्वतः युनियन म्हणून उभे होते, म्हणून तिथं 'पैसे कुणाचे' याचं सरळ उत्तर निघालं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं तेच उत्तर पुन्हा वापरलं. आयकर खात्याचं म्हणणं होतं की क्रेडिट कार्डावर आलेल्या टीपा हॉटेलनं कर्मचाऱ्यांना दिल्या तर तो पगार आहे, त्यावर टीडीएस कापा. न्यायालयानं रामबागचा आधार घेऊन सांगितलं की तो पगार नव्हे. हॉटेल त्या पैशांचं फक्त विश्वस्त आहे.

विश्वस्त! हा शब्द फौजेत आपण रेजिमेंटल फंडाच्या हिशेबात ऐकतो. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. टीपेचे पैसे कामगारांचे, हे आपल्या न्यायालयानं कधीच सांगून टाकलं. पण हॉटेलनं 'टीप' हा शब्द काढून 'चार्ज' हा शब्द घातला की ती रक्कम दराचा भाग झाल्यासारखी दिसते, आणि मग तो हिशेब मागायचा कुणी?

बाहेरच्या दोन देशांची तुलना इथं उपयोगी पडते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात, उरलेलं टीपेतून भरून निघालं की झालं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. म्हणजे वेटरचा पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडला. रामबागच्या निकालानं पगार आणि टीप यांत जी भिंत उभी केली, नेमकी तीच तिथं नाही. ब्रिटननं दुसरी वाट धरली. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं टीप आणि सर्व्हिस चार्ज, दोन्ही पूर्णच्या पूर्ण कामगारांना द्यावे लागतात, त्यांच्या वाटपाचं धोरण लेखी ठेवावं लागतं आणि कामगार आपली नोंद मागू शकतो. आपल्या निकालाला अजून नेमकी अशा हिशेबाची जोड हवी आहे.

आपल्या मेसमध्ये वेटरच्या हातावर पैसे ठेवायची रीत नाही. वाढणारा आणि जेवणारा दोघंही पगारी, आणि बड्या खान्याला तर अधिकारीच जवानांच्या ताटात वाढतात. म्हणून निवृत्तीनंतर बाहेरच्या जगात टीप द्यायची वेळ आली की फौजी माणूस एक तर अवघडतो, नाहीतर उगाच जास्त देतो. माझं सांगणं साधं आहे. बिल वाचा. सर्व्हिस चार्ज दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाद मॅनेजरशी करा, पोराशी नको, ती ओळ त्यानं टाकलेली नसते. आणि सेवा आवडली असेल तर वाचलेले पैसे घरी नेऊ नका. ते रोख, त्याच्या हातात द्या, आणि आत भांड्यांपाशी कोण आहे तेही विचारा.

सक्ती काढून टाकण्याचा हक्क न्यायालयानं आपल्याला दिला आहे. त्या हक्काचा उपयोग करताना चमोलीच्या पोराचं नुकसान होणार नाही एवढं पाहणं आपल्याच हातात आहे. त्याच्यासाठी ते पोस्त असेल, पण त्याची वाट पाहणारं घर कुठल्यातरी डोंगरात आहेच, आपल्यापैकी अनेकांचं होतं तसं.

जय हिंद.