ड्रम ब्रेक (मॉरिस मायनर) : समायोजन व दोषनिदान

ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मॉरिस मायनर ही ब्रिटिश मोटार १९४८ मध्ये विक्रीस आली. हिंदुस्थान मोटर्सने ती भारतात ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने बनवली. तिच्या चारही चाकांना द्रवचालित ड्रम ब्रेक असतात. सुरुवातीला सर्व ड्रम ७ इंची होते. १९६२ पासून पुढचे ८ इंची झाले.

रचना : पुढच्या प्रत्येक चाकात दोन व्हील सिलिंडर असतात. गाडी पुढे जाताना तेथील दोन्ही शू (ड्रमला आतून दाबणारे भाग) ड्रमच्या फिरण्यामुळे अधिक घट्ट दाबले जातात. मागच्या चाकात एकच सिलिंडर असल्याने हा लाभ एकाच शूला मिळतो. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, सांगाड्यात बसवलेला असतो. सगळ्या नळ्या एकाच मंडलात असल्यामुळे एका ठिकाणी मोठी गळती झाली, तरी चारही चाकांचा पायब्रेक जातो. उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून या गाडीत ब्रेकची लहानशी तक्रारही दुर्लक्षू नये.

समायोजन : शूवरचे घर्षण-अस्तर (लायनर) झिजले की शू ड्रमपासून दूर राहतो आणि पेडल खोल जाते. हे अंतर हातानेच कमी करावे लागते. गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम आधार द्यावा, जमिनीवरच्या चाकांना अटकाव लावावा. मागच्या चाकांसाठी हँडब्रेक सोडावा. ड्रमवरील छिद्रातून स्क्रूड्रायव्हर घालून समायोजक घड्याळाच्या दिशेने चाक अडेपर्यंत फिरवावा, मग एक खाच मागे घ्यावा. पेडल जोरात दाबून शू जागी बसवावेत व पुन्हा तपासावे. पुढच्या चाकांना दोन-दोन समायोजक असतात, मागच्यांना एकेक. हँडब्रेकची तार यानंतरच पाहावी. आधी ती ताणल्यास शू घासत राहतात.

दोषनिदान : समायोजनानंतर उरलेला दोष अन्यत्र शोधावा. पेडल मऊ लागल्यास नळ्यांत हवा असते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खचल्यास गळती किंवा मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबर कारण असते. गाडी एका बाजूला ओढत असल्यास विरुद्ध बाजूचा लायनर तेलकट झालेला किंवा सिलिंडर अडकलेला असू शकतो. पेडल पायाखाली धडधडल्यास ड्रमची गोलाई तपासावी. पाय काढल्यावरही चाक जखडून राहिल्यास आतून फुगलेली रबरी नळी किंवा पेडलची नाहीशी झालेली मोकळी चाल पाहावी.

दक्षता : जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. इंजिन ऑइल ब्रेकची रबरे फुगवते, म्हणून ब्रेक ऑइलच वापरावे. लायनर एकाच आसावरील दोन्ही चाकांचे बदलावेत. दुरुस्तीनंतर उभ्या गाडीत पेडल दाबून सांधे पाहावेत. मगच मोकळ्या जागी मंद गतीने चाचणी घ्यावी.