क्लीनरच्या बैठकीपासून प्रशिक्षण केंद्रापर्यंत : नरडाणा परिसराच्या संदर्भात मालमोटार चालकाच्या शिक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव दोन वाटांच्या छेदावर वसले आहे. सुरतेहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग येथे पूर्व-पश्चिम जातो आणि मुंबई-आग्रा रस्ता दक्षिणोत्तर. दक्षिणेस सोनगीर ओलांडून धुळे गाठले की जुने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, ६ व २११ एकत्र येतात. उत्तरेस सावळदे येथे तापी ओलांडून शिरपूर व पुढे पळासनेरमार्गे बिजासन घाट लागतो. गावालगत औद्योगिक वसाहत झाल्यापासून माल भरण्यासाठी आणि उतरविण्यासाठी थांबलेल्या मालमोटारी हे या परिसराचे नित्याचे दृश्य आहे.

खानदेशच्या इतिहासलेखनात कापूस, गिरण्या, भिल्लांचे उठाव, स्वातंत्र्यलढा, सहकार या विषयांना योग्य स्थान मिळाले आहे. पिकलेला व तयार झालेला माल ज्याने वाहून नेला त्या माणसाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्यातही तो हे काम कोठे शिकला, कोणी शिकविले आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न जवळजवळ अस्पर्शित आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मालमोटार चालकाचे खरे शिक्षण दीर्घकाळ क्लीनरच्या बैठकीवर झाले, प्रशिक्षण संस्थेने प्रामुख्याने परवाना मिळवून दिला. आज ती बैठकच रिकामी होत चालली असल्याने प्रशिक्षण संस्थेची निवड हा प्रश्न या भागातील तरुणांपुढे प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला आहे.

मोटारपूर्व वाहतूक

रस्ते व रेल्वे येण्यापूर्वी खानदेशातील दूरची मालवाहतूक मुख्यतः लमाण तांड्यांच्या लादणीच्या बैलांवर चाले. पक्के रस्ते झाल्यावर बैलगाड्यांचे प्रमाण वाढले. ठरावीक रकमेत माल मुक्कामी पोहोचविण्याची हमी घेणारा हुंडेकरी हा या व्यवस्थेतील मध्यस्थ होता आणि हा शब्द पुढे मोटारीच्या काळातही टिकून राहिला. या वाहतुकीचे शिक्षण घरातच होत असे. तांड्यातील मुलगा चालू लागला की बैलांमागे चाले. गाडीवानाचा मुलगा जू, वंगण, उतारावरची गाडी आणि नदीचा उतार बापाकडून शिके. जनावर घरचे, गाडी घरची, म्हणून शिकताना झालेले नुकसानही घरचेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून गेली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याचा मार्ग आणि चाळीसगाव-धुळे फाटा झाला. लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे गेला, बैलगाडीकडे गाव ते स्टेशन एवढेच अंतर उरले. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा वाहतुकीची ही विभागणी स्थिर झालेली होती.

मोटार आली आणि शिक्षण परक्याच्या गाडीवर गेले

मोटारीने केलेला मूलभूत बदल वेगाचा नव्हता, मालकीचा होता. मालमोटार विकत घेणे गाडीवानाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. गाडी एकाची, ती चालविणारा दुसरा, ही फूट येथे प्रथम पडली आणि तिच्याबरोबर शिकण्याची जागाही घराबाहेर गेली.

१९१४ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाला परवाना आवश्यक ठरविला. १९३९ च्या कायद्याने परवाना, परमिट व विमा यांची सविस्तर चौकट उभी केली. चालकाची परीक्षा कशी घ्यावी याचा विचार कायद्याने केला. परीक्षेपूर्वी तो कोणाच्या गाडीवर हात बसविणार, याचा विचार मात्र त्याने फारसा केला नाही. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. पुढील काळात या गाड्या देशभर पसरल्या व चालकांची मागणी वाढत गेली. ती भागविली क्लीनरने.

क्लीनर, ज्याला बोलीत किन्नरही म्हणतात, हा नावापुरता सफाई करणारा. वस्तुतः तो उमेदवार होता. त्याचा दिवस चालकाच्या आधी सुरू होई. रेडिएटरचे पाणी, इंजिनाचे ऑइल, काच पुसणे, लोखंडी दांड्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, ही पहिली इयत्ता. दुसरी इयत्ता मालाची. कापसाच्या गाठी कशा रचाव्यात, दोंडाईचा-नंदुरबारकडील मिरचीची हलकी पण उंच भरती दोरांनी कशी आवळावी, रावेर-यावलची केळी भरली असता वाटेत किती थांबता येते, पावसात ताडपत्रीचे टोक कोणत्या बाजूने आधी ओढावे, हे सर्व त्याने हाताने करावयाचे. चढावर गाडी बंद पडली तर उडी मारून चाकामागे दगड लावणे आणि गाडी मागे घेताना बाजूवर थाप मारून इशारा देणे हेही त्याचेच काम. यातून त्याला गाडीच्या लांबी-रुंदीचा जो अंदाज येई तो कोणत्याही फळ्यावर काढून दाखविता येणार नाही. तिसरी इयत्ता दुरुस्तीची : स्टेपनी बदलणे, डिझेलच्या नळीतील हवा काढणे, पाटे तपासणे. चौथी व अखेरची इयत्ता म्हणजे सुकाणू. ते प्रथम हाती येई रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर, उस्तादाच्या मर्जीने आणि बहुधा परवान्याशिवाय.

या पद्धतीचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. क्लीनरला नियमित वेतन क्वचितच असे. जेवण आणि थोडा भत्ता यावर वर्षे निघत. उस्तादाच्या शिव्या, प्रसंगी मार, हे अभ्यासक्रमाचेच अंग समजले जाई. अल्पवयीन मुले या कामात होती. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ ने बालकांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. पण एकदोन गाड्या असलेल्या मालकापर्यंत हा कायदा पोहोचतच नव्हता, कारण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही शिष्याकडे जात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचविणे ही त्यांपैकी सर्वांत घातक सवय होय. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. रस्त्यावर एकट्याने गाडी नेण्यापूर्वी या उमेदवाराने अनेक पावसाळे, घाट आणि बिघाड पाहिलेले असत.

येथे राज्य परिवहनाशी तुलना उद्बोधक ठरते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. सुरू झाली आणि प्रवासी वाहतूक क्रमाने सार्वजनिक क्षेत्राकडे आली. मालवाहतूक खासगीच राहिली. एस.टी.च्या चालकाला गणवेश, निवृत्तिवेतनाच्या सोयी, सेवापूर्व प्रशिक्षण मिळाले. त्याच आग्रा रस्त्यावर समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला यांपैकी काही नव्हते. पण एस.टी.च्या भरतीत अवजड वाहनाचा अनुभवही मागितला जात असे. तो खासगी मालमोटारीवर मिळविलेला असे. म्हणजे सार्वजनिक संस्थाही अखेर क्लीनरच्या बैठकीचा लाभ घेत होती, तिचा खर्च न देता.

कायद्यातील शिडी आणि तिच्या पायऱ्या

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रशिक्षण संस्थांच्या परवान्यांविषयी देशभर एक नियमावली आणली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार संस्थेकडे शिकविल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकारचे किमान एक वाहन स्वतःच्या मालकीचे असावे, त्यास दुहेरी नियंत्रण असावे, प्रशिक्षक पात्र असावा. परिवहन वाहनाच्या प्रशिक्षणाचा कालावधी ३० दिवसांहून कमी नसावा आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १५ तास व्हावेत, अशीही तरतूद झाली.

मूळ कायद्यात आणखी एक शहाणपण होते. अवजड मालवाहनाचा शिकाऊ परवाना हवा असेल तर हलक्या वाहनाचा परवाना किमान दोन वर्षे किंवा मध्यम मालवाहनाचा किमान एक वर्ष धारण केलेला असणे आवश्यक होते. हलके, मध्यम, अवजड अशी ही शिडी होती. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम व अवजड हे वेगळे वर्ग जाऊन 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग राहिला आणि हलक्या वाहनाच्या परवान्यानंतर एक वर्षाची प्रतीक्षा एवढीच अट उरली. प्रशासकीय सोय झाली हे खरे. परंतु छोट्या मालमोटारीवरून मोठीकडे जाण्याची पायरी कायद्यातून नाहीशी झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते चालक शिक्षणाच्या इतिहासात या दुरुस्तीची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. त्या काळात ही उणीव जाणवली नाही, कारण क्लीनरची बैठक अजून भरलेली होती.

घाटाची परीक्षा

नरडाण्याहून उत्तरेकडे निघालेल्या गाडीची खरी परीक्षा बिजासन घाटात होते. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी, वेग इंजिनाने रोखावा, ब्रेक सतत दाबून धरू नये, हवेच्या दाबाचा काटा पाहत राहावा : हे नियम साधे आहेत. ब्रेक दीर्घकाळ दाबला तर ड्रम व लायनर तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सुटते. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे मध्य प्रदेशाकडून येणारी मालमोटार अनियंत्रित होऊन अन्य वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या उपाहारगृहात घुसली. किमान १० जणांना प्राण गमवावे लागले. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. एका दुर्घटनेवरून चालकांच्या शिक्षणाविषयी निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होईल. मात्र सपाट मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून मिळालेला परवाना आणि या घाटाची मागणी यांतील अंतर त्या दिवशी पुन्हा नजरेस आले.

रिकामी बैठक

गेल्या काही दशकांत क्लीनर झपाट्याने कमी झाला. भाड्याच्या स्पर्धेत दुसऱ्या माणसाचा खर्च मालकाला परवडेनासा झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्याने विक्रीकराच्या नाक्यांवरील थांबे संपले, फास्टॅगमुळे टोलवरील पैशांची देवघेव गेली. क्लीनरची अनेक कामे त्याबरोबर गेली. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांत इंजिनाचे नियमन संवेदक व संगणकीय यंत्रणा करतात. तेथे पाना घेऊन बसलेल्या उस्तादाचे ज्ञान अपुरे पडते. मुले क्लीनर होत नाहीत याचे दुःख मानण्याचे कारण नाही, उलट ती शाळेत राहिली हे चांगलेच झाले. पण त्या बैठकीवर मिळणारे शिक्षण दुसरीकडे कोठे हलविले गेले, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. वाहतूकदार चालक मिळत नसल्याची तक्रार करतात तेव्हा शिकवणीचा हा तुटलेला दुवा क्वचितच विचारात घेतला जातो.

आपल्या महाविद्यालयांतून कला शाखेचे पहिले वर्ष अर्धवट सोडून या व्यवसायाकडे वळणारे विद्यार्थी असतात. त्यांना सल्ला देण्याइतकी माहिती आपणा प्राध्यापकांकडे बहुधा नसते. अशा विद्यार्थ्याने प्रशिक्षण संस्था निवडताना शुल्क किंवा किती दिवसांत परवाना मिळेल हे विचारण्याआधी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. संस्थेच्या नावावर खरोखर अवजड वाहन आहे काय, की परीक्षेपुरते भाड्याने आणतात? त्या वाहनास दुहेरी नियंत्रण आहे काय? पंधरा तासांत शिकणाऱ्याच्या एकट्याच्या हाती सुकाणू किती वेळ येते आणि चौघांच्या मागे बसून पाहण्यात किती वेळ जातो? गाडी कधी भरलेली असते काय? रिकाम्या गाडीवर शिकलेल्याला वीस टन भरल्यावर ब्रेकचे अंतर कळत नाही. रात्रीचा, पावसाचा, घाटाचा सराव मिळतो काय? प्रशिक्षकाने स्वतः किती वर्षे लांब पल्ला केला आहे? 'गाडी चालविण्याची गरज नाही, प्रमाणपत्र मिळून जाईल' असे जेथे ऐकू येईल तेथून परत फिरावे.

१ जुलै २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची व्यवस्था निर्माण केली. मध्यम व अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर, चाचणी मार्ग, सपाट प्रदेशात दोन एकर जागा आणि बारावी उत्तीर्ण, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला प्रशिक्षक अशा अटी आहेत; येथून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील वाहन चाचणीतून सूट मिळते. परिवहन वाहनासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली होती. दारावरची अट काढली आणि आतले शिक्षण वाढविले, हा क्रम योग्यच म्हणावा लागेल. मात्र सहा आठवडे घर व मजुरी सोडून शहरात राहण्याचा खर्च शेतमजुराच्या मुलाला पेलणारा नाही. क्लीनरच्या बैठकीवर निदान दोन वेळचे जेवण होते.

आणि मधले वर्ष राहतेच. हलक्या वाहनाच्या परवान्यानंतर ज्या वर्षात थांबावे लागते, त्या वर्षात हा तरुण काय करतो? ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालविता येते, असा निर्णय दिला. तेव्हा तो बाजार समितीतून कांदा भरलेला छोटा टेम्पो घेऊन निघतो. १९९४ मध्ये काढून टाकलेली मधली पायरी अशी पुन्हा त्याच्या पायाखाली आली आहे. फरक इतकाच की, त्याच्या शेजारच्या बैठकीवर आता उस्ताद नाही. तेथे मालाची पावती आणि भ्रमणध्वनी पडलेला असतो.