फुले पाहावयास येणारा पाहुणा

कांद्याच्या वाफ्यात डेंगळे दिसू लागले की आपला शेतकरी कपाळाला हात लावतो. सारा जोर फुलात गेला, आता कांदा पोसायचा कसा? हॉलंडातील ट्यूलिपच्या शेतकऱ्याचे गणितही याच चालीचे आहे. ट्यूलिप कांद्यासारख्या कंदापासून येते आणि तेथील शेतकरी विकतो तो कंदच. म्हणून फूल उमलले, जात पारखून झाली, की तो फुलांची मुंडकी छाटून टाकतो. मग केवळ फुले पाहण्यासाठी दुरून आलेल्या माणसाने छाटलेले शेत पाहून परत जावे काय?

अशा पाहुण्यासाठी लिसे गावाजवळ क्युकेनहॉफची बाग आहे. या नावाचा अर्थ आपल्या ‘परसबागे’च्या जवळचा. पंधराव्या शतकात येथून काउंटेस जाकोबा हिच्या मुदपाकखान्यास भाजीपाला जात असे. १९४९ साली लिसेचे नगराध्यक्ष आणि कंदांचे वीस व्यापारी-उत्पादक यांनी येथे उघड्यावर पुष्पप्रदर्शन भरविण्याचे ठरविले. १९५० च्या पहिल्याच हंगामात २,३६,००० लोक आले.

हा काळ ध्यानात घ्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे उपासमार झाली तेव्हा, याच देशात लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले होते. त्यानंतर पाचच वर्षांनी माणसे पुन्हा फुले पाहावयास निघाली. पोट भरल्यावरही माणसाला आणखी काही हवे असते, ते हे.

परंतु पाहुण्याची अपेक्षा पुरी करणे सोपे नाही. १९८१ च्या ‘सिलसिला’ या हिंदी चित्रपटाने ट्यूलिपच्या ताटव्यांचे चित्र आपल्याकडील पुष्कळांच्या मनात ठसविले. असा माणूस मार्चमध्ये गेला काय किंवा मेमध्ये गेला काय, डोळ्यांपुढे तेच चित्र घेऊन जातो. प्रदर्शन चालते सुमारे आठ आठवडे; एक फूल काही तितके टिकत नाही. यावर माळ्यांनी युक्ती योजली. एकाच जागी कंदांचे थर लावतात. सर्वांत खाली उशिरा फुलणारे ट्यूलिप, त्यावर लवकर फुलणारे, आणि अगदी वर क्रोकस नावाचे छोटे फूल. एक ओसरले की दुसरे वर येते. अशा रीतीने हिवाळ्यापूर्वी हाताने सुमारे ७० लाख कंद लावतात. हंगाम संपला की ते काढून टाकतात, आणि शरदात पुन्हा पहिल्यापासून आरंभ!

एवढे करूनही सगळे माणसाच्या हाती नसते. उन्हाळा लवकर तापला तर फूलही घाई करते. शिवाय अलीकडे हंगामात दहा लाखांवर लोक येतात. गर्दी वाढली की फुलांपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात. २०२० साली तर महामारीमुळे बाग उघडलीच नाही. आधीच लावलेले कंद मात्र वेळेवर फुलले, आणि ती फुले लोकांना घरबसल्या चित्रांतून दाखविण्यात आली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेत फुलांचे किंवा पिकांचे प्रदर्शन भरवाल तेव्हा उद्‌घाटनाच्या सकाळची काळजी सगळेच घेतात. शेवटच्या दिवशी, शेतातली कामे उरकून, पोराबाळांना घेऊन चालत येणाऱ्या माणसाला काय पाहावयास मिळेल, एवढे आधी ठरवा. त्याच्यासाठी तोच पहिला दिवस असतो.