आकार राहिला, अक्षर हरवलं

मंडळी, सेव्हच्या बटणावर जे चौकोनी चित्र असतं, ती वस्तू तुम्ही शेवटची कधी हातात धरली होती? साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी. गेल्या दिवाळीत गावी माळा आवरताना मला एक सापडली. वर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'शब्द - शेती - १९९९'.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आजीच्या बोलण्यातले शेतीचे शब्द ते एका वहीत टिपून ठेवायचे. मोट, औत, जनावरं, पाऊस... सगळं. १९९९ साली तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून त्यांनी ती वही टाइप करून घेतली. पुस्तक काही निघालं नाही. पुढे वही वाळवीने खाल्ली, आणि आजीही गेली. उरली ती ही फ्लॉपी.

पुण्याला येऊन यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. आश्चर्य म्हणजे फाइल अख्खी उघडली. आणि आत काय? इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटेसुलटे कंस यांची खिचडी! एकही बाइट हरवलेला नव्हता, पण मराठी मात्र गायब.

असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

भारतीय लिप्या संगणकात कशा साठवाव्यात, याचं शहाणं उत्तर आपल्याकडे १९८० च्या दशकातच सापडलं होतं. आयआयटी कानपूरला जिस्ट नावाचं तंत्रज्ञान तयार झालं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे वाढलं. त्यामागची कल्पना साधी पण जबरदस्त. फाइलमध्ये अक्षर साठवायचं, त्याचा आकार नाही. 'क' आहे, पुढे हलन्त आहे, पुढे 'ष' आहे, एवढंच लिहून ठेवायचं. त्याचा 'क्ष' कसा काढायचा ते दाखवणाऱ्या यंत्रणेने बघावं. याच विचाराचं प्रमाण म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ते मानक म्हणून स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली होती.

मग गाडी घसरली कुठे? तर बाजारात. नव्वदीतल्या साध्या विंडोजला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. पण फॉन्ट बदलता येत होता! तेव्हा फॉन्टवाल्यांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. इथे अर्धा 'स', तिथे काना, पलीकडे वेलांटी. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होता, फक्त दिसायचं मराठी. आणि प्रत्येक फॉन्टवाल्याने तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. एकाचा 'म' तो दुसऱ्याचा 'ळ'. तो फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

पूर्वी मी या लोकांना मनसोक्त नावं ठेवायचो. आता वाटतं, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना लग्नपत्रिका छापायच्या होत्या, दिवाळी अंक काढायचे होते. कागदाला आकार पुरतो. अक्षर लागतं ते शोधायला, अकारविल्हे लावायला, अंध माणसाला वाचून दाखवायला. यातलं काहीच तेव्हा कोणी मागत नव्हतं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, एक्सपीमध्ये सीडी घालून भाषांची सोय वेगळी इन्स्टॉल करावी लागायची, आणि मग हळूहळू आपण सगळे युनिकोडवर आलो. मागे राहिल्या त्या दहा-पंधरा वर्षांच्या फाइली.

असो. एका शनिवारी बसलो स्क्रिप्ट लिहायला. कोणत्या चिन्हामागे कोणता तुकडा, याचा तक्ता केला. वाटलं, तासाभराचं काम! पण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी यायची, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. 'स्थिती' लिहायचं तर पहिल्या वेलांटीला 'स्थ' ओलांडून पलीकडे न्यावं लागतं. रफाराचं उलट, त्याला मागे ओढायचं. आणि 'कुऱ्हाड' सगळीकडे 'कुर्हाड' झाली होती! आपला तो मराठी आडवा अर्धा र मी साधा 'र्' धरला होता. त्याच्यासाठी 'ऱ' लागतो, हे कळेपर्यंत रविवार उजाडला.

दुपारी यादी उभी राहिली, अकराशेच्या वर शब्द. आता खरी अडचण. हे बरोबर आहेत की नाहीत, कसं तपासणार? स्पेलचेक लावला तर त्याने निम्मे शब्द लाल केले आणि 'येसण' बदलून 'वेसण' करू का म्हणाला. अरे बाबा, आजी 'येसण'च म्हणायची, म्हणून तर लिहिलंय! बोलीतल्या शब्दातली चूक कुठलाही प्रोग्रॅम पकडू शकत नाही. ती पकडू शकतो तो शब्द ऐकलेला कान.

म्हणून बाबांना फोन लावला.

"बाबा, मोटेच्या दोराचा शब्द आहे. सोंदर की सौंदर?"

"सौंदर. दोन मात्रा. तुझ्या यंत्राने एक खाल्ली वाटतं." खरंच खाल्ली होती. तक्त्यातली एक ओळ चुकली होती, आणि त्या एका उत्तराने पंधरावीस शब्द सुधारले.

चार रविवार आम्ही तेच करत होतो. मी वाचायचो, ते ऐकायचे. मध्येच शब्द सोडून आजीच्या गोष्टी निघायच्या. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. बहात्तराव्या शब्दाला थांबले, बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हा लिहिला मीच असणार. पण आठवत नाही रे." तो शब्द मी तसाच ठेवलाय, पुढे प्रश्नचिन्ह घालून. पाच वर्षांपूर्वी फ्लॉपी सापडली असती, तर कदाचित नसतं घालावं लागलं.

तुमच्याही घरात अशी एखादी फ्लॉपी नाहीतर सीडी असेल. आत्याच्या कविता, आजोबांच्या आठवणी. स्क्रिप्ट काय, पुढच्या वर्षीही लिहिता येईल. फोन मात्र या रविवारी करा.